कौन्सिल, मेयर आणि आमच्या गॅरेजचा दरवाजा: इंग्लंडमध्ये नव्याने येणाऱ्यांसाठी

इंग्लंडमध्ये राहायला आलेला आपला माणूस पहिल्या महिन्यात बँकेचे खाते, फोनचे सिम आणि कढीपत्ता मिळणारे दुकान एवढे उरकतो आणि आपण स्थिरावलो असे समजतो. आपल्यावर नेमका कोणाचा कारभार चालतो, हा प्रश्न त्याला पडतो तो कौन्सिल टॅक्सचे, म्हणजे इथल्या पालिकेच्या कराचे, पहिले बिल दारात येऊन पडल्यावर. माझेही याहून वेगळे झाले नव्हते. आमचे पहिले भाड्याचे घर प्रेस्टविचला होते आणि पत्त्यात ‘मँचेस्टर’ असल्यामुळे मी कर भरण्याची नोंद करायला सरळ मँचेस्टरच्या सिटी कौन्सिलात गेलो. खिडकीमागच्या बाईंनी पोस्टकोड टाकला आणि अत्यंत अदबीने सांगितले की आपण ‘बरी’ (Bury) नावाच्या कौन्सिलचे रहिवासी आहात. टपालाचे गाव आणि कारभाराचे गाव इथे एकच असते असे नाही. घर पाहायला जाण्याआधी सरकारी संकेतस्थळावर पोस्टकोड टाकून कौन्सिल कोणते ते पाहा. मुलांच्या शाळेचा अर्जही, शाळा दुसऱ्या हद्दीत असली तरी, त्याच कौन्सिलकडे जातो.

आपल्या डोक्यात महापालिका, राज्य आणि केंद्र अशी उतरंड पक्की बसलेली असते. इंग्लंडमध्ये तिची मधली पायरीच नाही. स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंड यांना १९९० च्या दशकाच्या अखेरीस आपापली विधिमंडळे मिळाली. इंग्लंडचा कारभार मात्र वेस्टमिन्स्टरमधून, म्हणजे लंडनच्या संसदेतूनच चालतो. इंग्लंडच्या प्रदेशांना निवडून आलेली सभा देण्याचा प्रयत्न झाला नाही असे नाही, परंतु नोव्हेंबर २००४ मध्ये ईशान्य इंग्लंडमध्ये त्यासाठी जनमत घेतले गेले तेव्हा सुमारे ७८ टक्के मतदारांनी नकार दिला आणि तो विषय तिथेच मिटला. पुढे वाट काढली गेली ती शहरांभोवतीच्या कौन्सिलांना एकत्र बांधून. २०११ मध्ये ग्रेटर मँचेस्टरमधल्या दहा कौन्सिलांचे संयुक्त प्राधिकरण स्थापन झाले आणि २०१७ मध्ये तिथे पहिला मेयर थेट निवडून आला. लंडनची व्यवस्था त्याआधीची, २००० सालची, आणि ती वेगळ्या कायद्याने चालते.

आणखी एक फरक ध्यानात असू द्या. आपल्याकडे ७३ व्या आणि ७४ व्या घटनादुरुस्तीने पंचायतींना आणि नगरपालिकांना संविधानात जागा मिळाली. त्यांच्या निवडणुका वर्षानुवर्षे लांबल्या तरी त्यांचे अस्तित्व सहज पुसता येत नाही. इथे संसद साध्या कायद्याने कौन्सिल निर्माण करते आणि तशाच कायद्याने ती मोडते. १९८६ मध्ये लंडनचे मोठे कौन्सिल आणि सहा महानगरी काउंटी कौन्सिले अशीच एका फटक्यात गेली. त्याच वर्षी लंडनबाहेरच्या बस खुल्या स्पर्धेला सोडण्यात आल्या, ज्याचा परिणाम म्हणजे एकाच रस्त्यावर तीन कंपन्यांच्या बस आणि एकीचे तिकीट दुसरीत न चालणे. आम्ही हे बरीच वर्षे सोसले. ग्रेटर मँचेस्टरच्या मेयरांनी बसचे मार्ग, वेळा आणि भाडे सप्टेंबर २०२३ पासून टप्प्याटप्प्याने आपल्या अखत्यारीत घेतले आणि जानेवारी २०२५ मध्ये ते काम पूर्ण झाले. अधिकारांचे विकेंद्रीकरण म्हणजे काय, हे मला सरकारी कागदांपेक्षा मेयरांच्या त्या पिवळ्या बसने चांगले समजावले.

मेयर या शब्दाने मात्र फसू नका. गळ्यात सोन्याची साखळी घालून शाळेच्या कार्यक्रमाला येणारा मेयर हा आपल्या महापौरासारखाच मानाचा धनी असतो. काही थोड्या कौन्सिलांचा मेयर थेट निवडलेला कारभारी असतो. संयुक्त प्राधिकरणाचा मेयर हा तिसरा, ज्याच्याकडे प्रदेशाची वाहतूक, कौशल्यशिक्षण आणि घरबांधणीचा काही निधी असतो. तुमच्या दारातला कचरा उचलला गेला नाही म्हणून या तिसऱ्याला पत्र लिहिणारे आपले लोक मी पाहिले आहेत, आणि उत्तर आले नाही म्हणून वर्णद्वेषाचा निष्कर्ष काढणारेही.

पुढे आम्ही नोकरीमुळे दक्षिणेकडे आलो आणि तिथे एकाऐवजी दोन कौन्सिले वाट्याला आली: मोठ्या काउंटीचे एक आणि तिच्यातल्या छोट्या डिस्ट्रिक्टचे एक. अशा भागात घरचा कचरा डिस्ट्रिक्ट कौन्सिल उचलते, पण मोठा कचरा टाकायचे केंद्र काउंटी कौन्सिल चालवते. रस्त्यातला खड्डा काउंटीचा, घराच्या वाढीव बांधकामाची परवानगी डिस्ट्रिक्टची, वाचनालय आणि शाळा पुन्हा काउंटीच्या. करवसुली डिस्ट्रिक्ट करते, परंतु त्यातला मोठा वाटा काउंटीला जातो. ही दुपदरी रचना १९७४ पासूनची आहे आणि ती हळूहळू मोडीत काढली जात आहे. नॉर्थ यॉर्कशर आणि सॉमरसेटमध्ये एप्रिल २०२३ पासून एकच कौन्सिल आहे. त्यामुळे जुन्या रहिवाशाने दहा वर्षांपूर्वीच्या अनुभवावरून दिलेला सल्ला, माझा धरून, पडताळून घ्या.

कराबद्दल थोडक्यात: तो सहसा घरमालक भरत नाही, राहणारा भाडेकरू भरतो. घरात एकच प्रौढ राहत असेल तर २५ टक्के सूट मिळते, पण ती मागावी लागते.

मतदानाबद्दल मात्र मी थोडक्यात आटोपणार नाही. भारत राष्ट्रकुलात असल्यामुळे वैध व्हिसावर राहणारा भारतीय नागरिक इथे संसदेच्या आणि कौन्सिलच्या अशा दोन्ही निवडणुकांत मत देऊ शकतो, आणि त्यासाठी ब्रिटिश पासपोर्टची गरज नाही. मतदानकेंद्रात ओळखपत्र म्हणून आपला भारतीय पासपोर्ट चालतो. हे मी दरवर्षी गणपतीच्या जेवणाच्या रांगेत सांगतो आणि दरवर्षी निम्म्या लोकांना ते नवीन असते. मुंबई महापालिकेत कोणाची सत्ता येईल यावर मध्यरात्रीपर्यंत वाद घालणाऱ्या आमच्या मंडळींना आपल्या वॉर्डाच्या कौन्सिलरचे नाव विचारले तर शांतता पसरते. मतदारयादीत नाव असल्याने कर्ज मिळताना पत तपासणीत फायदा होतो, एवढे सांगितले की तेच लोक त्याच रात्री नोंदणी करतात, याबद्दल मी तक्रार करत नाही.

आता ज्यासाठी हे लिहायला घेतले त्या गोष्टीकडे वळतो. १९४७ च्या नगररचना कायद्यापासून इथे जमीन तुमची असली तरी ती विकसित करण्याचा हक्क आपोआप तुमचा नसतो. छोट्या कामांना सरसकट मुभा असते, जसे की जोडघराच्या मागे तीन मीटरपर्यंतची एकमजली वाढ, आणि गॅरेजची खोली करणे हेही बहुधा त्या मुभेत बसते. यातला ‘बहुधा’ हा शब्द मला अकरा हजार पौंडांना पडला. आई-बाबा सहा महिन्यांसाठी येणार होते आणि बाबांना जिना चढवत नव्हता, म्हणून आम्ही गॅरेजचा वर सरकणारा दरवाजा काढून तिथे भिंत आणि खिडकी बसवली, जमिनीला ऊबदार थर दिला, कोपऱ्यात देव्हाऱ्यासाठी फळी ठोकली. बांधकाम करणाऱ्याने परवानगी लागत नाही असे सांगितले होते, आणि कौन्सिलच्या बिल्डिंग कंट्रोलचा माणूस येऊन काम तपासून दाखलाही देऊन गेला होता. तो दाखला म्हणजेच परवानगी, असे मी समजलो. तो बांधकाम सुरक्षित असल्याचा दाखला होता. ते बांधकाम तिथे असावे की नसावे हा निराळा विभाग ठरवतो आणि त्या विभागाला मी विचारलेच नव्हते.

चार महिन्यांनी कोणीतरी तक्रार केली. कोणी, ते कौन्सिल सांगत नाही, आणि समोरचे शेजारी त्यानंतरही नाताळात पुडिंग आणून देत राहिले. एक तरुण अधिकारी टेप घेऊन आला, चहा घेणार का म्हणून विचारल्यावर नको म्हणाला आणि पुढच्या अंगणात किती गाड्या मावतात ते मोजून गेला. वसाहत बांधताना मिळालेल्या मूळ परवानगीत गॅरेज कायम मोटारीसाठीच राखावे अशी अट होती, त्यामुळे सरसकट मुभा आमच्या घराला लागूच नव्हती. मी पश्चात परवानगीचा अर्ज केला, तो पार्किंगच्या कारणावरून नामंजूर झाला, अपीलही फेटाळले गेले. खोली मोडून दरवाजा पुन्हा बसवावा लागला. आधी बांधावे आणि मग गुंठेवारीसारखे दंड भरून नियमित करून घ्यावे, ही सवय मी न कळत बरोबर आणली होती. इथे पश्चात अर्ज करता येतो, पण तो पहिल्या अर्जाच्याच निकषांवर तपासला जातो; पैसे भरून दोष पोटात घालण्याची सोय नाही.

याच्याच उलट बाजूचा आणखी एक इशारा आहे. मागे मोकळे शेत आहे म्हणून घराला जास्त किंमत मोजू नका. त्या शेतावर घरे आली तर तुमचा देखावा गेला किंवा घराची किंमत उतरली, ही हरकत नियोजनात विचारात घेतली जात नाही. उजेड अडणे, घरात डोकावले जाणे, वाहतूक वाढणे या हरकती घेतल्या जातात. ते शेत घरांसाठी राखलेले आहे का, हे कौन्सिलच्या स्थानिक आराखड्यात आधीच लिहिलेले असते आणि तो कोणालाही फुकट पाहता येतो. विजेच्या खांबाला बांधलेला प्लास्टिकमधला कागद दिसला तर थांबून वाचा. त्यावर हरकतीसाठी साधारण एकवीस दिवस असतात, आणि हरकत घेण्यासाठी नागरिकत्व लागत नाही.

घर विकत घेताना वकील जुन्या परवानग्यांची यादी पाठवतो, पण अटी बारकाईने वाचेलच असे नाही. त्या तुम्ही स्वतः वाचा. कौन्सिलच्या संकेतस्थळावरील नोंदवहीत आपल्या घराचा नव्हे, तर संपूर्ण वसाहतीचा मूळ अर्ज शोधा आणि त्याचे निर्णयपत्र शेवटच्या पानापर्यंत उघडा. जुन्या वसाहतीचे कागद तिथे चढवलेले नसतील तर कार्यालयाकडे मागा, आणि शंका उरली तर काम कायदेशीर असल्याचा दाखला बांधकामापूर्वीच मिळवा. आमच्या निर्णयपत्रात एकवीस अटी होत्या. झाडे कोणती लावावीत यावर पाऊण पान होते आणि गॅरेजची अट सतराव्या क्रमांकावर, दीड ओळीची होती.