भरीत पार्टीच्या पिशवीत आणखी काय हवं: पेल्यात काही मिसळल्याचा संशय आला तर

दिवाळी सरली की जळगाव-भुसावळकडच्या मळ्यांत भरीत पार्ट्यांचे बेत सुरू होतात. बामणोदची वांगी किती किलो घ्यायची, भाजायला काड्या कोण आणणार, बडगीत (लाकडी उखळात) मिरची-लसूण कोण कुटणार, पुऱ्या करायच्या की कळण्याच्या भाकरी, ही यादी आठवडाभर आधीच घरात फिरते. त्या यादीत चार वर्षांपासून मी माझ्या काही ओळी घालते. घरातल्यांना सुरुवातीला ते अशुभ वाटलं, पण आता कोणी काही म्हणत नाही.

रावेर तालुक्यातल्या एका मळ्यात माझी आतेबहीण दोन पेले कोल्ड्रिंक प्यायली. दारूला ती शिवतही नाही. अर्ध्या तासात तिची जीभ जड झाली, चालताना तोल जायला लागला, एकच वाक्य ती पुन्हा पुन्हा बोलत राहिली. आम्ही तिला खाटेवर निजवलं. एक काकू मायेनंच म्हणाल्या, "निजू दे तिले, सकायपर्यंत उतरून जाईन." आम्हीही ऐकलं. दुसऱ्या मावशींनी सवयीनं सगळे स्टीलचे पेले राखेनं घासून ओट्यावर पालथे घातले. सकाळी डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, "तो पेला ठेवलाय का?" दुसरा विचारला, "त्यानंतर लघवीला किती वेळा गेली?" दोन्हींचं उत्तर आमच्याकडे नव्हतं. ती बरी झाली. पेल्यात काय होतं आणि कोणी घातलं, ते कधीच कळलं नाही.

म्हणून निघण्याआधी ठरवायची पहिली गोष्ट म्हणजे जोड्या. दहा जणी जाणार असतील तर प्रत्येकीनं कोणावर लक्ष ठेवायचं ते नावानिशी ठरवा. "सगळे सगळ्यांवर लक्ष ठेवू" याचा अर्थ कोणीच ठेवत नाही. मुलांनाही हे लागू आहे, मुलगा आहे म्हणून त्याला मोकळं सोडू नका. गाडी चालवणारा एक जण काहीही न पिणारा हवा. फोन पूर्ण चार्ज करा आणि मळ्याचं लोकेशन घरच्या एका माणसाला पाठवून ठेवा, कारण रात्री रुग्णवाहिकेला "केळीच्या बागेपासून डावीकडे" एवढं सांगून भागत नाही. जवळचं सरकारी रुग्णालय कोणतं आणि तिथं पोचायला किती वेळ लागतो ते आधीच बघा. मोठी सोय जळगाव, धुळे आणि नंदुरबारच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत आहे. कोणाला मधुमेह, फिट किंवा बीपीची गोळी चालू असेल तर ते एका चिठ्ठीवर लिहून पाकिटात ठेवा.

पिण्याच्या बाबतीत नियम थोडेच आहेत. बाटलीचं झाकण स्वतः उघडा. पेला सोडून गेलात तर परत आल्यावर तो ओतून नवा घ्या, मग तो ताकाचा असो की उसाच्या रसाचा. चव बदलल्यावर कळेल या भरवशावर राहू नका, झोपेच्या गोळीची भुकटी गोड पेयात सहसा कळत नाही. आणि पेल्यात मिसळलेली वस्तू दरवेळी औषधच असते असंही नाही. न विचारता सरबतात ओतलेली दारूही त्यातच आली.

ओळखायचं कसं? प्यायल्याच्या मानानं परिणाम फार जास्त दिसतो. एक पेला घेतलेला माणूस पाच पेले घेतल्यासारखा वागतो, किंवा दारू न घेतलेला माणूस झिंगतो. झोपेच्या औषधात पापण्या मिटतात, बोलणं घसरतं, मधला वेळ आठवत नाही. धोतऱ्याच्या विषारी बिया मिसळल्या असतील तर उलट होतं: तोंड कोरडं पडतं, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या होतात, अंग तापतं, माणूस हवेत काहीतरी वेचत बसतो. आपल्याकडे उन्हाळ्यात ऊन लागूनही भोवळ येते, साखर कमी झाली तरी येते. ऊन की औषध हा वाद मळ्यात घालत बसू नका. तिन्हींमध्ये दवाखानाच गाठायचा आहे.

स्वतःला असं वाटलं तर पेला खाली ठेवा आणि आपल्या जोडीदारीणीला हाक मारून स्पष्ट सांगा, "माझ्या पेयात काहीतरी होतं, मला एकटीला सोडू नको." हे पहिल्या काही मिनिटांतच सांगायचं, कारण नंतर जीभ साथ देईल याची खात्री नसते. एकटीनं मोरीत किंवा शेतात जायचं नाही. "चल, मी घरी सोडतो" असं म्हणत फार घाईनं पुढं येणाऱ्याबरोबर मुळीच जायचं नाही.

आता सोबतच्यांनी काय करायचं ते. झोपू द्यायचंच झालं तर एकटं झोपू द्यायचं नाही. डाव्या कुशीवर वळवा, वरचा गुडघा दुमडा, तोंड किंचित जमिनीकडे ठेवा, म्हणजे उलटी झाली तरी ती श्वासात अडकत नाही. उलटी करवू नका. लिंबू, ताक, कॉफी, काहीही पाजू नका, गुंगीतल्या माणसाच्या घशातून ते फुप्फुसात जाऊ शकतं. हाक मारून, खांदा हलवूनही उठत नसेल, श्वास मिनिटाला दहाच्या खाली गेला असेल, ओठ निळसर पडले असतील किंवा फिट आली असेल, तर लगेच १०८ लावा. पोलीस हवे असतील तर ११२.

आणि पेला धुवू नका. हे मी प्रत्येक वेळी ओट्याजवळ उभी राहून मोठ्यानं सांगते. पेला, बाटली, तळाशी उरलेलं पेय, सगळं झाकून एका माणसाच्या ताब्यात द्या, आणि तो माणूस बदलू नका. म्हणून माझ्या पिशवीत पुऱ्यांच्या डब्याशेजारी एक स्वच्छ, कोरडी, घट्ट झाकणाची बरणी असते. दवाखाना लांब असेल आणि लघवी थांबवता येत नसेल, तर ती पहिली लघवी त्या बरणीत धरायची आणि वर वेळ लिहायची. काही औषधं बारा तासांत लघवीतूनही निघून जातात, झोपेच्या गोळ्यांचा अंश दोन-तीन दिवस सापडू शकतो. रुग्णालयात "चक्कर आली" एवढंच सांगितलं तर सलाईन लावून घरी पाठवतात, आणि नेहमीच्या रक्ततपासणीत ही औषधं दिसत नाहीत. "पेयातून गुंगीचं औषध दिल्याचा संशय आहे, एमएलसी नोंदवा, रक्त आणि लघवीचे नमुने घ्या" हे शब्द पाठ करून जा (एमएलसी म्हणजे मेडिको-लीगल केस, पोलिसांना कळवायची वैद्यकीय नोंद). असे नमुने पोलिसांमार्फत नाशिकच्या न्यायसहायक प्रयोगशाळेसारख्या ठिकाणी जातात. तुम्ही बाहेरून करून आणलेल्या अहवालाला तेवढं वजन नसतं.

गुन्हा करण्याच्या हेतूनं कोणाला गुंगीचं औषध देणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १२३ खाली गुन्हा आहे, शिक्षा दहा वर्षांपर्यंत. मळा एका ठाण्याच्या हद्दीत आणि घर दुसऱ्या, म्हणून परत पाठवलं तर "झिरो एफआयआर घ्या" म्हणा. तक्रार कोणत्याही ठाण्यात घ्यावीच लागते. रेल्वेत, भुसावळहून नागपूरकडे किंवा जळगावहून सुरतेकडे जाताना, सहप्रवाशानं दिलेल्या चहा-बिस्किटानं असं झालं तर रेल्वेची हेल्पलाईन १३९ लावा आणि टीसीला गाठा. तक्रारीचा फॉर्म चालत्या गाडीतही मिळतो. मोबाईल-पाकीट गेलं असेल तर बँकेला कळवून कार्ड आणि यूपीआय बंद करा, पैसे वळते झाले असतील तर सायबर फसवणुकीची हेल्पलाईन १९३० लावा.

लैंगिक अत्याचाराचा नुसता संशय असला तरी अंघोळ करू नका, कपडे बदलावेच लागले तर काढलेले कागदी पिशवीत ठेवा, प्लास्टिकच्या नको. अशा वेळी सरकारी असो वा खाजगी, कुठल्याही रुग्णालयाला प्रथमोपचार आणि उपचार मोफत द्यावे लागतात. एचआयव्ही टाळण्याची औषधं आणि गर्भ राहू नये म्हणूनची गोळी ७२ तासांच्या आत, जितकी लवकर तितकी चांगली. महिला हेल्पलाईन १८१, आणि पीडित अठरा वर्षांखालची असेल तर १०९८.

ती शुद्धीवर येईल तेव्हा उशाशी एकच ओळखीचं माणूस असू द्या. "तू कशाला प्यायलीस?" हा प्रश्न कोणीही विचारायचा नाही, आईनंसुद्धा. माझी आतेबहीण जागी झाली तेव्हा आम्ही सहा जणी एकदम बोलत होतो, आणि आमचं ऐकलेलं कोणतं आणि स्वतःला आठवलेलं कोणतं हे तिला आजही वेगळं करता येत नाही. म्हणून आधी तिला तिचंच आठवेल तसं सांगू द्या, तुटक असलं तरी तसंच वहीत लिहून घ्या, मधली भोकं तुम्ही भरू नका. त्याआधी तिला फक्त इतकं सांगा: आज कोणता वार आहे, किती वाजले, हा कोणता दवाखाना आहे, आणि रात्रभर मी तुझ्याजवळच होते.