डॅलसकडे नवीन आलात? घराची घाई करू नका

लायसन्स, क्रेडिट कार्ड, मुलांची शाळा हे तुमचं तुम्ही जमवालच. मी घराबद्दल बोलणार, कारण तिथे मी चांगलाच आपटलोय.

इथे गणपतीच्या आरतीनंतर कोणीतरी हमखास म्हणतं, "बेकायदा लोकांना हाकललं की घरं स्वस्त होतील." बोलणारा स्वतः ग्रीन कार्डच्या रांगेत केस पांढरे करत असतो! टेक्सासात बांधकामावरच्या दहा कामगारांत साधारण चार परदेशात जन्मलेले. सगळे विनाकागद नाहीत, पण धाडीची बातमी आली की कागदवालाही घरी बसतो. २००८ ते २०१३ मध्ये 'सिक्युअर कम्युनिटीज' योजना (पोलिसांनी पकडलेल्यांचे बोटांचे ठसे इमिग्रेशन नोंदींशी ताडून बघायची) एकेका काउंटीत लागू होत गेली. पुढच्या अभ्यासात दिसलं की जिथे धरपकड वाढली तिथे नवी घरं कमी बांधली गेली आणि किमती चढल्या. भाडेकरू घटले, पण छप्पर घालणारे हात त्याहून जास्त घटले.

त्यात सामान. मे २०२१ मध्ये हजार बोर्ड फूट लाकूड १,६०० डॉलरच्या वर गेलं होतं, नंतर उतरलं. २०२५ मध्ये पोलाद-अ‍ॅल्युमिनियमवर ५० टक्के आयातशुल्क बसलं. तुम्हाला याची झळ आधी उशिरातून लागते. घराचं बांधकाम लांबलं की रेट लॉक, म्हणजे कर्जाचा व्याजदर ठराविक दिवस पक्का ठेवायची मुदत, संपतो, आणि वाढवायचा तर बहुधा पैसे पडतात. ते कोण भरणार, हे सही करण्याआधी बिल्डरकडून लिहून घ्या.

भाड्याचं थोडक्यात: महागाई निर्देशांकात निवाऱ्याचा वाटा सुमारे एक तृतीयांश, पण नव्या करारांचं भाडं आधी हलतं, निर्देशांक मागून येतो. म्हणून बातम्या सोडा. त्याच कॉम्प्लेक्समध्ये नव्या भाडेकरूला काय भाव देतात ते बघा आणि मग घासाघीस करा.

आता माझी चूक. नवीन घर घेतलं, हप्ता ऐकून खूश झालो. इथे कर १ जानेवारीच्या स्थितीवर लागतो. त्या दिवशी माझ्या प्लॉटवर नुसती माती होती, म्हणून पहिल्या वर्षी कर फक्त जमिनीचा. दुसऱ्या वर्षी पूर्ण घराचा लागला, एस्क्रोत (हप्त्यातून कर आणि विम्याचे पैसे बाजूला पडतात त्या खात्यात) तूट आली, हप्ता महिन्याला सहाशे डॉलरने वाढला. बायकोने वर्षभर ऐकवलं. पूर्ण घराचा कर धरूनच हिशोब करा, मड (पाणी-सांडपाण्याच्या सोयींसाठीचा कर) आणि पिड (परिसर सुधारणेची आकारणी) यांचे दर वेगळे विचारा, होमस्टेडचा (राहत्या घरावरच्या करसवलतीचा) अर्ज राहायला गेल्या गेल्या भरा.

आणि एच-वन-बी व्हिसावाल्यांनो, नोकरी गेली तर देशात राहायला हातात जास्तीत जास्त ६० दिवस असतात. तेवढ्यात इथे घर विकून होईलच असं नाही.