सांगलीत अॅनिमे-गेमिंग मेळावा भरवताना : आधी ग्रुप जमवा, मग पाहुणे बोलवा

अॅनिमे (म्हणजे जपानी अॅनिमेशन) आणि गेमिंगच्या चाहत्यांचा मेळावा आम्ही सांगलीत भरवतो. पहिल्या वर्षी आम्ही पाहुणे आधी ठरवले. पुण्याहून एक कॉस्प्लेयर ताई (अॅनिमे-गेममधल्या पात्रांचे वेश करणाऱ्या) यायला तयार झाल्या आणि त्या आनंदात बाकीची तयारी मागे पडली. कार्यक्रमाच्या दिवशी दीपप्रज्वलन, शाल, श्रीफळ, चार भाषणं आणि आभार यांत एक तास दहा मिनिटं गेली. समोर तीस-पस्तीस पोरं फोमची चिलखतं घालून उभी होती. एप्रिल महिना, हॉलमध्ये नुसते पंखे. तासगावहून आलेल्या एका मुलीच्या खांद्यावरचा तुकडा घामानं सुटला. तो हातानं दाबून ती उभीच राहिली, कारण तो ताईंना दाखवायचा होता. तिचा नंबर लागेपर्यंत ताईंची परतीची गाडी पकडायची वेळ झाली.

ती मुलगी दोन महिने राबून आली होती आणि आम्ही तिला भाषणं ऐकवली. त्यानंतर आम्ही क्रमच उलटा केला: आधी चाहत्यांचे ग्रुप, मग त्या ग्रुपना हवे असलेले पाहुणे, आणि पाहुण्यांचा जास्तीत जास्त वेळ ग्रुपच्या टेबलांवर. सांगली, मिरज, साताऱ्यासारख्या गावात असा मेळावा करायचा असेल तर याच क्रमानं जा.

तीन महिने आधी: ग्रुप शोधा

आपल्याकडे ग्रुपला नाव, बॅनर, अध्यक्ष असं काही नसतं. असतो तो व्हॉट्सअॅप ग्रुप, डिस्कॉर्ड या गप्पांच्या अॅपवरची एखादी खोली, नाहीतर हॉस्टेलच्या एकाच मजल्यावरची आठ मुलं. त्यामुळे ते शोधावे लागतात. विश्रामबागच्या कॉलेज परिसरात विचारा, मिरजेत मेडिकलच्या मुलांना विचारा, चित्रकलेच्या क्लासमध्ये जा (तिथे वहीच्या मागच्या पानांवर मांगाची, म्हणजे जपानी कॉमिक्सची, पात्रं हमखास सापडतात), गेमिंग कॅफेच्या मालकाला विचारा. जपानी भाषा शिकणारी मुलं आपल्या भागातही आहेत. परीक्षेच्या तयारीपुरतीच भेटणारी ही मुलं अशा कार्यक्रमाला फार उत्साहानं येतात.

मग एका रविवारी दुपारी सगळ्यांना आमराई बागेत बोलवा. हॉल नको, खुर्च्या नकोत, झाडाखाली बसा. प्रत्येक ग्रुपला तीनच गोष्टी विचारा. तुम्ही काय करता? ते लोकांना करून काय दाखवाल? आणि तुम्हाला कोणाला भेटायचंय? तिसऱ्या प्रश्नाची उत्तरं जशीच्या तशी वहीत लिहा. पाहुण्यांची यादी त्यातूनच तयार होते.

सहा-सात ग्रुप आले तरी पुरे. तोक्योत २१ डिसेंबर १९७५ ला पहिलं कॉमिकेट, म्हणजे चाहत्यांनी स्वतः काढलेल्या कॉमिक्सचा मेळावा, भरलं तेव्हा ३२ गट आणि साधारण ७०० माणसं होती. आज तिथे लाखांनी लोक जमतात. सुरुवात मात्र चाहत्यांनी स्वतःची टेबलं स्वतः मांडण्यापासूनच झाली. भारतातल्या चाहत्यांची ताकदही आपण पाहिली आहे. २०१९ मध्ये जपानी दिग्दर्शक माकोतो शिनकाई यांचा ‘वेदरिंग विथ यू’ हा अॅनिमे चित्रपट इथल्या थिएटरात लागला, त्यामागे हजारो चाहत्यांनी केलेल्या सह्यांच्या मोहिमेचा हात होता.

टेबल देताना एक अट घाला: ग्रुपमध्ये निदान तीन माणसं हवीत. एक टेबलावर, एक मेळावा बघायला मोकळा, एक जेवायला. एकट्या मुलानं टेबल घेतलं की तो दिवसभर तिथेच अडकतो आणि पुढच्या वर्षी येत नाही. मंडपवाल्याकडचं सहा फुटी टेबल एका ग्रुपला पुरतं.

टेबलावर नुसती चित्रं मांडून बसायचं नाही, हेही आधीच ठरवा. आमच्याकडे मिरजेच्या तिघांनी ‘तुमचं नाव काताकानात’ असा उपक्रम ठेवला. येणाऱ्याचं नाव जपानी लिपीत लिहून, ते कसं वाचायचं हे शिकवून कार्ड हातात द्यायचं. एका आजोबांनी स्वतःचं, आजींचं आणि चार नातवंडांचं अशी सहा कार्डं लिहून घेतली. त्या टेबलासमोरची रांग दिवसभर हटली नाही.

पाहुणे कोण?

आता वही उघडा. आमच्या वहीत सगळ्यात जास्त वेळा आलेली मागणी मोठ्या नावाची नव्हतीच. ‘विग नीट बसवायला कोण शिकवेल?’ ‘फोमला रंग दिला की तडे का जातात?’ ‘डबिंगला आवाज कसा पाठवायचा?’ असे प्रश्न होते. म्हणजे पोरांना भेटायचं होतं ते काम जाणणाऱ्या माणसाला.

डबिंग कलाकार हवा असेल तर त्यामागचं कारणही समजून घ्या. डोरेमॉन हिंदीतून भारतात २००५ च्या सुमारास आला. त्या वेळी चार-पाच वर्षांची असलेली पोरं आज पंचविशीत आहेत. हिंदी डोरेमॉनला आवाज देणाऱ्या सोनल कौशल यांचा आवाज त्यांनी दूध-पोळी खाताना ऐकलाय. अशा कलाकारांशी बोलणं बहुतेक मॅनेजरमार्फत होतं आणि छोट्या मेळाव्याच्या खिशाला ते झेपेलच असं नाही. त्याच क्षेत्रात नव्यानं काम करणारे, मराठी बोलणारे कलाकार मुंबई-पुण्यात भेटतात. त्यांना विचारा. पोरांचे प्रश्न तेही तितक्याच आपुलकीनं सोडवतात.

माझा खरा आग्रह मात्र गावातल्या पाहुण्यांसाठी आहे. आपण नाट्यपंढरीत राहतो. १८४३ मध्ये विष्णुदास भाव्यांनी इथेच ‘सीतास्वयंवर’ उभं केलं. राक्षसाचा मुखवटा, देवाचा मुकुट, घामात टिकणारा रंग, मानेवर न सरकणारा टोप, हे सगळं करणारी माणसं या गावात पिढ्यान्‌पिढ्या आहेत. कॉस्प्लेवाल्या मुलांना ज्या अडचणी येतात, त्या या माणसांनी कधीच सोडवून ठेवल्या आहेत.

दुसऱ्या वर्षी आम्ही एका रंगभूषाकार काकांना बोलावलं. अॅनिमे म्हणजे काय हे त्यांना ठाऊक नव्हतं. आम्ही पात्राचं चित्र दाखवलं: पांढरे केस, डोळ्याखाली लाल रेघ. काकांनी मुलाला खुर्चीवर बसवलं. केस मागे चापून जाळी घातली, कपाळाच्या कडेला स्पिरिट गम (विग चिकटवायचा गोंद) लावला आणि लगेच विग न टेकवता थांबले. म्हणाले, “चिकट लागला पाहिजे, ओला नाही.” बोटाच्या पेरानं दोनदा टिचकी मारून पाहिलं आणि मग विगची कड दाबली. रेघ ओढण्याआधी मुलाला हसायला लावलं, कारण हसल्यावर गालावरची कातडी जिथे वर येते तिथे रेघ मोडते. पुण्याहून आलेले कॉस्प्लेयर पाहुणे शेजारी उभे राहून मोबाइलवर ते टिपत होते. नंतर दोघांनी मिळून तासभर शिकवलं, एकानं फोम आणि हीट गन, दुसऱ्यानं रंग आणि गोंद. आमच्या तीन वर्षांतला सगळ्यात भरलेला तास तो. बाहेरचा एक आणि गावातला एक अशी जोडी लावा. दोघांना एकाच टेबलावर बसवा.

बोलावणं आणि पैसे

दोन महिने आधी लेखी कळवा. फोनवर ‘या की एकदा सांगलीला’ म्हणणं वेगळं आणि निमंत्रण वेगळं. आम्ही पाठवतो तो मजकूर साधारण असा:

‘नमस्कार. आम्ही सांगलीतले सात चाहते-ग्रुप मिळून एक दिवसाचा मेळावा घेत आहोत. दीडशे-दोनशे जण येतील, बहुतेक पंधरा ते पंचवीस वयाचे. आपण दीड तास ग्रुपच्या टेबलांवर बसून मुलांचं काम पाहावं आणि एक तास शिकवावं अशी विनंती आहे. मानधन इतकं, प्रवास व राहणं आमच्याकडे. भाषण आणि सत्कार नाही.’

शेवटच्या वाक्यावर पाहुणे खूश होतात, हा आमचा अनुभव. मानधनाचा आकडा तुम्हीच आधी सांगा. कमी असला तरी सांगा. ‘प्रसिद्धी मिळेल’ हे वाक्य कोणालाही लिहू नका. काकांनाही पाकीट द्या. ‘गावातलेच आहेत’ म्हणून ते टाळायचं नाही.

प्रवासाची एक खाच लक्षात ठेवा. मुंबईहून रात्रीच्या गाडीनं येणारा पाहुणा उजाडण्याच्या सुमारास सांगलीत उतरतो आणि लॉजवर खोली मिळते दुपारी बारा वाजता. आदल्या रात्रीपासूनच खोली घ्या. स्टेशनवर जायला ग्रुपमधलीच दोन पोरं ठेवा. पाहुण्यांशी त्यांची ओळख तिथेच होते.

तारीख ठरवताना दहावी-बारावीच्या परीक्षा, गणपती आणि पावसाळा टाळा. जुलै-ऑगस्टात कृष्णेचं पाणी वाढलं की गावाचं लक्ष पुलाखालच्या पातळीकडे असतं, आणि ते योग्यच आहे. नोव्हेंबर ते जानेवारी हवा चांगली असते, फोम आणि विग घालणाऱ्यांना ती मानवते. जपानी भाषेची परीक्षा डिसेंबरच्या पहिल्या रविवारी असते, तो दिवस सोडा.

मेळाव्याच्या दिवशी

उद्घाटन पाच मिनिटांत उरका. स्वागत मराठीत करा, पाहुणेही शक्यतो मराठीत बोलतील असं पाहा. पोरं बघतात जपानीत, सबटायटल वाचतात इंग्रजीत, पण प्रश्न विचारायची हिंमत त्यांना मराठीतच होते.

मग पाहुण्यांना टेबलांवर न्या. प्रत्येक टेबलाला दहा-बारा मिनिटं. सोबत एक माणूस घड्याळ बघायला द्या आणि तो माणूस थोडा कडक असू दे. नाहीतर पहिल्या दोन टेबलांवर पाऊण तास जातो आणि सातव्या टेबलाची पोरं नुसती बघत बसतात. वेळ कमी पडलाच तर फोटोचा वेळ कापा, टेबलांचा नको. फोटोसाठी टोकन वाटा म्हणजे रांगेत धक्काबुक्की होत नाही.

कपडे बदलायला मुलींची आणि मुलांची वेगळी खोली हवी, आतून कडी लागणारी, आरसा आणि प्लग असलेली. तिथे सुईदोरा, सेफ्टी पिना, ग्लू गन, ओले टिश्यू आणि पाण्याची बाटली ठेवा. हॉल बघायला जाल तेव्हा स्टेजच्या आधी ही खोली बघा.

दारावरच दोन नियम मोठ्या अक्षरांत लावा. विचारल्याशिवाय कोणाचा फोटो काढायचा नाही. वेश कुठलाही असो, अंगाला किंवा कपड्याला हात लावायचा नाही. हे मोडणाऱ्याला एकदा समज, दुसऱ्यांदा बाहेर, मग तो कोणाचाही मित्र असो. पाहुण्यांनाही हेच लागू. अठरा वर्षांखालच्या मुलांसोबत पाहुण्यांचा वेळ सगळ्यांसमोर, उघड्या हॉलमध्येच जातो. बंद खोलीत ‘खास भेट’ असला प्रकार ठेवायचा नाही.

तलवारी फोमच्या किंवा हलक्या लाकडाच्या, धातूचं पातं अजिबात नाही. खऱ्यासारखी दिसणारी बंदूक रस्त्यानं उघडी आणायची नाही, पिशवीत आणायची. आदल्या आठवड्यात पोलीस ठाण्यात कार्यक्रमाचं पत्र द्या, त्यात वेशभूषेचा उल्लेख करा.

एखाद्या ग्रुपला एपिसोड पडद्यावर दाखवायचा असतो. घरचं सबस्क्रिप्शन घरापुरतं असतं. हॉलमध्ये दाखवायला हक्कधारकांची परवानगी लागते. ती नसेल तर त्याऐवजी चर्चा ठेवा.

गेमिंगच्या कोपऱ्याचं थोडक्यात सांगतो. एक गेमिंग पीसी मॉनिटरसकट चारशे-पाचशे वॅट सहज खातो. दहा लावले तर पाच हजार वॅट, म्हणजे बावीस अँपिअरच्या आसपास. हॉलचा मोठा सॉकेटही सोळा अँपिअरचाच असतो. वायरमनला आधी बोलवून भार दोन-तीन लाइनींवर वाटून घ्या. पैजेवर खेळ लावू नका. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर २०२५ च्या केंद्रीय कायद्यानं बंदी आहे. बक्षीस ट्रॉफी आणि कीबोर्डचं ठेवा. आणि या ग्रुपलाही पाहुण्यांच्या फेरीत धरा, ती मुलं कोपऱ्यात एकटी पडतात.

पालक येतात, दारात उभे राहतात, आत यायला बिचकतात. त्यांना चहा द्या आणि त्यांच्याच मुलाच्या टेबलापर्यंत घेऊन जा. माझ्या डोळ्यांदेखत एका आईनं रंगभूषाकार काकांना विचारलं, “हे शिकून पोट भरतं का?” काकांनी आपण किती वर्षं हे करतोय आणि मुलांची शिक्षणं त्यातून कशी झाली, ते सरळ सांगितलं. त्या बाई संध्याकाळपर्यंत थांबल्या.

निरोप आणि नंतर

पाकीट किंवा यूपीआयनं मानधन पाहुणे निघायच्या आत. ‘हिशेब झाला की पाठवतो’ असं म्हणू नका. सोबत भडंगाचा पुडा आणि हळद द्या. स्टेशनवर पोचवायला सकाळचीच पोरं जाऊ देत.

आठवड्याच्या आत ग्रुपना पुन्हा आमराईत बोलवा. जमाखर्च सगळ्यांसमोर वाचा, प्रत्येक ग्रुपला काय जमलं, काय अडलं ते त्यांच्याच तोंडून ऐका आणि वहीचं नवं पान उघडून तोच तिसरा प्रश्न विचारा. यंदा त्या पानावरची पहिली ओळ तासगावच्या त्या मुलीची आहे. तिनं लिहिलंय : ‘चिलखताला आतून कापड लावणारा शिंपी.’ आम्ही शोधतोय.