कौटुंबिक उद्योगांवर प्रबंध लिहिताय? या चुका टाळा

एमबीए किंवा पीएच.डी.साठी कौटुंबिक उद्योग हा विषय घेणारे बहुतेक विद्यार्थी आधी आकडेवारीचं सॉफ्टवेअर शिकायला बसतात. प्रबंध मात्र अडतो तो त्याआधीच: कुटुंबाचा उद्योग म्हणायचं कशाला?

प्रवर्तक (प्रमोटर, कंपनी उभारणारे किंवा तिच्यावर ताबा असणारे) म्हणजे कुटुंब असं धरणं. शेअर बाजारात नोंदलेली कंपनी दर तिमाहीला भागधारणेचा तक्ता देते. त्यातला प्रवर्तकांचा एकूण आकडा तसाच उचलला की घोळ झालाच. हिंदुस्तान युनिलिव्हरचे प्रवर्तक परदेशी, कोल इंडियाचं प्रवर्तक भारत सरकार. दोन्हीकडे प्रवर्तकांचा वाटा ५० टक्क्यांच्या वर, पण कुटुंब कुठेच नाही. म्हणून तक्त्यातली नावं वाचा. व्यक्ती आणि हिंदू अविभक्त कुटुंबांची ओळ वेगळी असते, पण घरचा मोठा हिस्सा अनेकदा गुंतवणूक कंपन्या आणि ट्रस्टच्या नावावर असतो. त्यांच्यामागे कोण आहे हे तपासून मगच बेरीज करा. निकष आधी लिहून ठेवा, उदाहरणार्थ किमान २० टक्के वाटा आणि संचालक मंडळावर घरातला एक जण. नंतर १० आणि ५० टक्क्यांवरही निष्कर्ष टिकतो का ते पाहा. टाटा सन्सचे सुमारे ६६ टक्के भाग धर्मादाय न्यासांकडे आहेत. असा समूह कुठे बसवला आणि का, हे प्रबंधात यायलाच हवं.

न बदलणाऱ्या चलावर (व्हेरिएबलवर) फिक्स्ड इफेक्ट्स लावणं, म्हणजे प्रत्येक कंपनीची तुलना तिच्याच इतर वर्षांशी करणारी पद्धत वापरणं. कुटुंबाचं नियंत्रण दहा वर्षांत क्वचितच बदलतं. कुटुंबाचा उद्योग असेल तर १, नसेल तर ० असा चल असेल तर कंपनीनिहाय फिक्स्ड इफेक्ट्समध्ये सॉफ्टवेअर तो गाळून टाकतं. दोन-चार कंपन्यांत बदल झाला असेल, तर सगळा गुणांक, म्हणजे परिणामाचा आकडा, तेवढ्यांवरच उभा राहतो. अशा वेळी प्रश्नच बदलावा: सूत्रं मुलाकडे किंवा मुलीकडे गेल्यावर कर्ज, गुंतवणूक, लाभांश यांत काय फरक पडला?

वर्षागणिक आकड्यांच्या मालिकेतला खंड न पाहणं. २००८ मध्ये बजाज ऑटोचं विभाजन होऊन वेगळ्या कंपन्या बाजारात आल्या. आधीचे आणि नंतरचे आकडे सलग जोडता येत नाहीत. लघुउद्योगांची व्याख्याही १ जुलै २०२० आणि १ एप्रिल २०२५ रोजी बदलली.

प्रत्येक फर्म स्वतंत्र मोजणं. इचलकरंजी किंवा कोल्हापुरात सर्वेक्षण करताना ही चूक हमखास होते. एकाच घरात वडिलांची प्रोप्रायटरशिप, भावांची भागीदारी आणि सुनेच्या नावावर तिसरी फर्म असते. पैसा आणि निर्णय एकच. तीन नोंदी स्वतंत्र धरल्या तर प्रमाणत्रुटी (स्टँडर्ड एरर, अंदाजातली अनिश्चितता) खोटी लहान दिसते. प्रत्येक घराला एक क्रमांक द्या आणि त्यावर क्लस्टर करा, म्हणजे एका घरच्या नोंदी एक गट धरून त्रुटी मोजा.

मालक कोण, असं थेट विचारलंत तर ज्येष्ठाचंच नाव सांगतात. त्याऐवजी चेकवर सही कोण करतं, गिऱ्हाइकाला भाव कोण देतं, नवं यंत्र घ्यायचं कोण ठरवतं, हे विचारा. वडील आणि मुलगा यांना वेगवेगळं गाठा. वडील समोर असले की मुलगा मान डोलावतो. दोघांची उत्तरं जुळली नाहीत तर सरासरी काढू नका, दोन वेगळे रकाने ठेवा.