व्हेंटिलेटरवरच्या पेशंटला पहिल्यांदा बसवताना

मी आयसीयूत फिजिओथेरपिस्ट आहे. पेशंटला उठवायचं म्हटलं की नातेवाईक घाबरतात. पण नुसतं पडून राहिलं की स्नायू दिवसागणिक झिजतात. डॉक्टरांचा होकार घेऊन आधी मॉनिटर बघा: ऑक्सिजन ९० टक्क्यांच्या वर, सरासरी रक्तदाब (वरच्या आणि खालच्या आकड्यांच्या मधला, मॉनिटरवर MAP) निदान ६५. हाक मारली की पेशंटने बघायला हवं. मग पेशंटला किती नळ्या लावल्यात ते मोजा. लघवीची पिशवी खाटेला अडकवलेली असते; एकदा मी ती विसरले, नळी ताणली गेली. आता आधी तीच सोडवते. एकाने फक्त श्वासनळीतली ट्यूब धरायची, बाकी काही नाही. डोक्याकडची बाजू हळूहळू उचला, कुशीवर वळवा, पाय खाली सोडा, पाठीला हात द्या. घाम फुटला, चेहरा पांढरा पडला तर लगेच आडवं करा. पहिल्या दिवशी पाच मिनिटंही पुष्कळ.