पोटातल्या बॅक्टेरियांसाठी मेडिटेरेनियन जेवण, सुरुवात मसुरापासून करा

मेडिटेरेनियन डाएट, म्हणजे भूमध्य समुद्राकाठच्या देशांतलं पारंपरिक खाणं, करायचं ठरलं की बरेच जण आधी ऑलिव्ह ऑइलची महागडी बाटली आणतात आणि बाकीचं ताट होतं तसंच राहतं. आतड्यातल्या बॅक्टेरियांसाठी करणार असाल तर आधी कडधान्याचा डबा उघडा. तेलातलं फॅट बहुतेक सगळं लहान आतड्यातच शोषलं जातं, मोठ्या आतड्यापर्यंत पोचतं ते फायबर, कारण ते फोडायचे एन्झाइम आपल्या शरीरात नाहीत, तिथल्या बॅक्टेरियांकडे आहेत, आणि ते फायबर खाऊन ब्युटिरेटसारखी शॉर्ट चेन फॅटी अ‍ॅसिड्स तयार करतात. मोठ्या आतड्याच्या अस्तरातल्या पेशींचं मुख्य इंधन हे ब्युटिरेटच. एक्स्ट्रा व्हर्जिन ऑलिव्ह तेलातले पॉलिफेनॉल्स (वनस्पतींत असणारी संयुगं) थोडेफार खाली पोचतात, त्यामुळे तेल चांगलंच आहे, पण खरं जेवण फायबर.

2020 मध्ये न्यू-एज नावाचा अभ्यास आला, युरोपातल्या 5 देशांतले 65 ते 79 वयाचे 612 जण, त्यातल्या साधारण निम्म्यांनी वर्षभर मेडिटेरेनियन पद्धतीचं खाल्लं आणि बाकीच्यांनी नेहमीचं. ज्यांनी नीट पाळलं त्यांच्यात फिकॅलीबॅक्टेरियम प्रॉस्निट्झाय सारखे ब्युटिरेट बनवणारे बॅक्टेरिया वाढलेले दिसले आणि रक्तातली सूज दाखवणारी काही मार्कर्स कमी. म्हातारपणचा अशक्तपणा कमी असण्याशीही याचा संबंध दिसला. हा एका वयोगटाचा अभ्यास आहे, सगळ्यांचं पोट अगदी असंच बदलेल असं त्यावरून म्हणता येत नाही, पण दिशा मला पटते.

आता करायचं काय. ग्रीसमध्ये घरोघरी फाकेस करतात, म्हणजे आपल्या अख्ख्या मसुराचं पातळसर सूप. तिथल्या ऑर्थोडॉक्स ख्रिश्चन लोकांचे बुधवार-शुक्रवार उपासाचे, मांस नाही दूध नाही, मग कडधान्य आलंच. चौघांसाठी दीड वाटी अख्खा मसूर धुवून एक उकळी आणायची, ते पाणी टाकायचं (तिथे बरेच जण टाकतात), मग नवीन पाण्यात बारीक चिरलेला कांदा, तीन-चार लसणाच्या पाकळ्या, एक-दोन टोमॅटो आणि एक तमालपत्र घालून मंद आचेवर अर्धा-पाऊण तास. तिकडचं तमालपत्र वेगळ्या झाडाचं असतं, वासात फरक पडतो, पण आपलं चालतं. दाणा मऊ हवा, आमटीसारखा घोटायचा नाही. मीठ शेवटी, चार चमचे ऑलिव्ह ऑइलही शेवटीच, आणि वाढताना ताटातच चमचाभर व्हिनेगर. हा आंबटपणा सोडू नका, त्याशिवाय मसूर सपक लागतो. शिजलेल्या 100 ग्रॅम मसुरात साधारण 8 ग्रॅम फायबर असतं, एवढं फायबर मैद्याच्या ब्रेडमधून मिळवायला किती स्लाइस लागतील बघा.

सोबत पालेभाजी. ग्रीसच्या क्रीट बेटावर रानातल्या भाज्या नुसत्या उकडून वर तेल-लिंबू घालतात, तिला होर्ता म्हणतात, आणि उन्हाळ्यात जी व्लीता खातात ती आपल्या माठाच्या, तांदुळज्याच्याच कुळातली. म्हणजे मंडईतून माठाची जुडी आणा, कोवळे देठ ठेवा, मिठाच्या पाण्यात उकडा, निथळा, वर तेल आणि लिंबू पिळा, झालं.

बाकी रोज मूठभर अक्रोड-बदाम, साधं दही, आठवड्यातून दोनदा मासे, लाल मांस क्वचित, आणि पांढऱ्या ब्रेडऐवजी अख्ख्या धान्याचा. या डाएटमध्ये वाइनचंही नाव येतं, पण पीत नसाल तर यासाठी सुरू करायची अजिबात गरज नाही.

एकदम उडी मात्र मारू नका. सवय नसताना दोन्ही वेळा कडधान्य खाल्लं तर गॅस होणार, पोट फुगणार, आणि मग लोक चार दिवसांत सोडून देतात, जे मला फार वाईट वाटतं कारण थोडा धीर धरला तर बहुतेकांचं पोट जुळवून घेतं. पहिल्या आठवड्यात दोनदा अर्धी वाटी, मग एक दिवसाआड, मग रोज, आणि पाणी नेहमीपेक्षा जास्त. आयबीएस, क्रोन्स, अल्सरेटिव्ह कोलायटिस यांसारखा आतड्याचा किंवा किडनीचा त्रास असेल तर किती आणि कोणतं कडधान्य हे आधी डॉक्टरांना विचारा, तिथे हे प्रमाण चालेलच असं नाही.