ऑनलाइन दुकानात ऑफर आणि कॉम्बो लावताय? या चुका टाळा

गोव्यातल्या डिचोलीहून आमचं छोटं ऑनलाइन दुकान चालतं. काजूगर, आमसुलं, कोकमाचं आगळ आणि काणकोणातल्या खोल गावची मिरची, एवढाच माल. पहिल्या वर्षी चवथीच्या, म्हणजे गणेशचतुर्थीच्या तोंडावर मी सगळ्यावर सरसकट १५ टक्के सूट लावली. ऑर्डरी इतक्या आल्या की घरातली पोरंसुद्धा खोके चिकटवायला बसली. महिनाअखेर हिशेब मांडला तेव्हा कळलं, आवळा देऊन कोहळा काढायला निघालो होतो आणि कोहळाच देऊन बसलो.

ऑर्डरी वाढल्या, हातात काही नाही

चूक टक्क्यांत विचार करण्याची होती. समजा काजूचं पाकीट ५०० रुपयांचं. माल, पॅकिंग, पेमेंटचं कमिशन आणि कुरियर धरून खर्च ४०० रुपये. उरले १००. १५ टक्के सूट म्हणजे ७५ रुपये गेले, उरले २५. आधी एका पाकिटात मिळायचे तेवढे कमवायला आता चार पाकिटं विकायला हवीत. चौपट विक्री होणार नसेल तर ती सूट लावू नका. ऑफर ठरवताना आधी ‘किती टक्के’ नव्हे, ‘पाकिटामागे किती रुपये उरतात’ हे कागदावर लिहा.

शिवाय चवथीला मुंबई-पुण्यातले गोंयकार काजू घेतातच. जे येणारच आहेत त्यांना सूट कशाला? सूट द्यायचीच तर मागणी मंदावते तेव्हा, नाहीतर नव्या गिऱ्हाइकाच्या पहिल्या ऑर्डरीवर.

आणखी एक. खोलच्या मिरचीला २०२० साली भौगोलिक मानांकन (त्या भागाचाच माल म्हणून सरकारी नोंद) मिळालं, गोव्याच्या काजूला २०२३ साली. बाहेरचा काजू गोव्याचा म्हणून खपवतात ही तक्रार जुनीच आहे. अशा मालावर ‘निम्म्या किमतीत’ लिहिलं की जाणकार गिऱ्हाईक खूश होत नाही, त्याला शंका येते.

कॉम्बो कोणी घेत नाही, घेतला तर तक्रार येते

इथे मी सर्वांत जास्त पैसे घालवले. पडून राहिलेलं आगळ खपवायचं म्हणून त्याची बाटली काजूच्या जोडीला दिली. एक ना धड भाराभर चिंध्या. भेट म्हणून काजू पाठवणाऱ्याला आगळ नको होतं, आणि सोलकढीसाठी आगळ शोधणाऱ्याला अर्धा किलो काजू परवडत नव्हते. त्यात एका बाटलीचं झाकण वाटेत सैल झालं. खारट लाल पाण्यात काजूची पाकिटं भिजली आणि पूर्ण कॉम्बोचे पैसे परत द्यावे लागले.

मग एका संध्याकाळी मागच्या शंभर ऑर्डरी काढल्या आणि कोणत्या वस्तू एकत्र जातात ते वहीत खुणा करत पाहिलं. आमसुलं आणि मिरची पुन्हा पुन्हा जोडीने दिसली. साहजिकच आहे, दोन्ही हुमणात, म्हणजे माशाच्या कालवणात पडतात. काजू मात्र बहुतेक एकटेच जात होते. त्यावरून हुमणाचा कॉम्बो केला, आणि काजूंची नुसती मोठी-लहान भेटपेटी. गिऱ्हाईक आधीच जे जोडून घेतंय तेच बांधून द्या. न खपणारा माल वेगळा, उघडपणे स्वस्तात काढा.

कॉम्बो बांधण्याआधी खोका मोजा. बरेच कुरियरवाले लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून ५००० ने भागतात, येणारा आकडा किलोतलं वजन धरतात आणि ते खऱ्या वजनापेक्षा जास्त भरलं तर त्याचेच पैसे घेतात. ३० × २५ × २० चा देखणा खोका आत सव्वा किलो माल असला तरी ३ किलोचा धरला जातो. टिकण्याची मुदतही तशीच: ज्या वस्तूची सर्वांत कमी, तीच पूर्ण कॉम्बोची.

कराचाही एक खड्डा आहे. एरवी एकत्र न जाणाऱ्या वस्तू एकाच किमतीत बांधून विकल्या तर पूर्ण संचाला त्यातल्या सर्वांत चढ्या दराने जीएसटी लागतो. काजूसोबत जास्त कराची शोभेची वस्तू ठेवायची असेल तर आधी सीएशी बोला.

कॉम्बो विकला, पण माल नाही

कॉम्बोचा साठा वेगळा आकडा म्हणून टाकला की हे होतं. सुटी मिरची संपते, कॉम्बो मात्र ‘उपलब्ध’ दिसत राहतो. प्रत्येक कॉम्बोमागे सुट्या वस्तूंचा साठा आपोआप कमी होईल अशी सेटिंग करा. कूपन एकावर एक लागतात का, तेही स्वतः खोटी ऑर्डर टाकून बघा. २० टक्क्यांवर १० टक्के लागले तर २८ टक्के गेले.

मोफत डिलिव्हरीची मर्यादा सरासरीवरून ठरवू नका. हॉटेलची एक मोठी ऑर्डर सरासरी भलतीकडे नेते. ऑर्डरी रकमेप्रमाणे लावून मधली रक्कम घ्या आणि मर्यादा तिच्या थोडी वर ठेवा.

भाच्याने एकदा साइटवर ‘ऑफर संपायला १० मिनिटं’ असं घड्याळ लावलं होतं. पान पुन्हा उघडलं की ते पुन्हा दहापासून सुरू. मडगावच्या एका बाईंनी दोन स्क्रीनशॉट पाठवून विचारलं, “नेमकं कधी संपणार?” केंद्राच्या ३० नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांत फसव्या युक्त्यांचे १३ प्रकार दिलेत. खोटी घाई त्यातलीच, आणि न विचारता टोपलीत वस्तू टाकणंही. त्याच दिवशी घड्याळ काढलं. विक्री होती तेवढीच राहिली.